निघताना दुखण्याचं नाव नको

नळाला पाणी यायचा तो दिवस नव्हता. तरी रामकिसन नानांनी सकाळी सातलाच अंगणातलं निळं पिंप हौदातल्या पाण्यानं काठोकाठ भरलं, आणि आशाबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला.

"चार दिवसांतून एकदा पाणी येतं मुकुंदवाडीला, आन् तुमी त्यात खेळणी बुडवा!"

"खेळणं नाय ते. उजीचा कॅमेरा यात बसून समुद्रात जाणारे. हितं गळलं तर डबा जाईल, तिथं गळलं तर कॅमेरा जाईल. कोणतं परवडतं, सांग."

"मला काय इचारता? पोरीला समुद्रात धाडायच्या वक्ताला इचारलं होतं?"

पोरगी चव्वेचाळीस वर्षांची होती. उज्ज्वला शहरातल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत असे. लग्न केलं नव्हतं, आईवडिलांजवळच राहत होती. दोन वर्षांपूर्वी मालवणकडे ती पाण्याखाली उतरायला शिकली, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं: अंदमानात हॅवलॉक बेटावर एक डायव्हिंगचं रिसॉर्ट आहे, तिथं पाण्याखालच्या फोटोग्राफीचा सहा दिवसांचा वर्ग भरतो, तिथं जाऊन राहायचं. आज रविवार होता. संध्याकाळच्या विमानानं मुंबई, तिथून पहाटे चेन्नई, मग पोर्ट ब्लेअर, मग बोट. बॅग भरून तयार होती. राहिला होता फक्त डबा.

डबा म्हणजे कॅमेऱ्याची जाड, पारदर्शक पेटी. तिच्या दाराच्या खाचेत एक काळी रबरी कडी बसते आणि सगळा भरवसा त्या कडीवर असतो. नानांनी वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं हेच काम केलं होतं. टाक्या पाण्यात बुडवायच्या, बुडबुडा येतो का बघायचं, आणि नाही आला तर खडूनं खूण करायची. पेटी कुरिअरनं घरी आली त्या दिवशीच त्यांनी ती मुलीच्या हातातून काढून घेतली होती. आज त्यांनी आत वर्तमानपत्राचा कोरडा बोळा घातला, रबरी कडीला बोटानं ग्रीस चोळलं, दार दाबलं आणि पेटी पिंपात सोडली. ती तरंगायला लागली तेव्हा स्वयंपाकघरातून वरवंटा आणून फडक्यानं तिच्यावर बांधला.

"माझा वरवंटा!" आशाबाई आतून ओरडल्या.

"अर्धा घंटा. मग घे."

तेवढ्यात कमरोद्दीन आले. पलीकडच्या गल्लीत राहणारे, कारखान्यात नानांच्याच टेबलावर बसणारे. तिथं नियम असा की एकानं तपासायचं, दुसऱ्यानं बघायचं, आणि दोघांच्या सह्या झाल्याशिवाय माल पुढं जायचा नाही. एकतीस वर्षं दुसरी सही कमरोद्दीनची होती.

"क्या रामकिसन, रिटायर होको भी कंपनी छूटती नै तेरी?"

"ये, ये. दुसऱ्या सहीशिवाय माल जात नाय."

दोघं म्हातारे पिंपावर वाकून उभे राहिले. कमरोद्दीनचाचांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं, आणि अर्ध्या तासानं पेटी उघडून आतला बोळा गालाला लावला.

"सुक्का है. पास." मग उज्ज्वलाकडं वळून म्हणाले, "बेटी, मछल्यांना सांग, औरंगाबाद का माल है. दात लावू नका."

ते गेले. आशाबाई आत दशम्या लाटत होत्या. फडक्यातून निसटलेला वरवंटा पिंपाच्या तळाशी राहिला होता. नाना दंडापर्यंत बाही सारून वाकले, त्यांनी तो वर काढला, कट्ट्यावर ठेवला, आणि मग पायरीवर बसले. बसले म्हणजे पाय गळाल्यासारखे बसले. डावा हात मांडीवर पडला होता. उजव्या हातानं ते जबडा दाबत होते, दाढ दुखावी तसा. फेब्रुवारीतली थंड सकाळ होती आणि त्यांच्या कपाळावर घाम होता.

"नाना?"

"काय नाय. वाकल्यानं झालं."

"जबडा दुखतोय?"

"दोन-चार दिवसांपासून येतं आन् जातं. वायू असल." ते हसले, पण श्वास पुरता घेता येत नव्हता. "सोडा घेतला की बसतं."

उज्ज्वला दरवर्षी फळ्यावर हृदय काढत असे. कप्पे, झडपा, रंगीत खडूनं धमन्या. जबड्यापर्यंत जाणारी कळ काय सांगते हे ती पोरांना प्रश्न म्हणून विचारायची. आता ती वडिलांसमोर उभी होती, तिच्या हातात ओला डबा होता, आणि विमानाला नऊ तास होते.

"दवाखान्यात जाऊन येऊ या का?" ती म्हणाली. पण म्हणाली अशी, की समोरच्या माणसाला 'नको' म्हणणं सोपं जावं.

"आज? काहून?" नानांनी हात झटकला. "निघायच्या दिवशी दुखण्याचं नाव काढू नाय, बाई. आन् हे बघ, आईला बोलू नको. ती घर डोक्यावर घेईल, तुझं जाणं राहील. तू येऊस्तोवर मी ठणठणीत होतो. मग जाऊ दोघं, काय काढायचे ते फोटो काढू माझे पण."

"नक्की?"

"सही करू का?"

पाच मिनिटांत त्यांचा चेहरा पुन्हा होता तसा झाला. त्यांनी उठून पिंपातलं पाणी बादलीबादलीनं झाडांना घातलं. दुपारी जेवले, तिखट मागून घेतलं. निघताना आशाबाईंनी हातावर दही-साखर ठेवली. नाना रिक्षापर्यंत आले, पेटी तिच्या मांडीवर नीट ठेवली. रिक्षा वळली तेव्हा उज्ज्वलाला हायसं वाटलं. आईनं काही विचारलं नव्हतं.

*

बेटावर फोनला एकाच ठिकाणी रेंज मिळे: रिसॉर्टच्या धक्क्याजवळ, एका वाकड्या नारळाखाली. तिथं संध्याकाळी पाहुण्यांची रांग लागायची. उज्ज्वला रोज सहालाच जाऊन उभी राहायची.

सोमवारी नाना स्वतः बोलले. "पोचली? डबा फुटला नाय ना सामानात? कडी काढून पुसायची, मग ग्रीस, मग बसवायची. केस अडकला तर गळंल."

"तुमचं कसं आहे?"

"एकदम पास." आणि घाईनं, "हे आई बोलती बघ."

मंगळवारी ती पहिल्यांदा तिथल्या पाण्यात उतरली. खाली प्रवाळाचे कंगोरे होते, झेब्र्यासारखे पट्टे असलेले मासे होते, आणि एका कपारीत तिच्या करंगळीएवढी निळी-पिवळी समुद्री गोगलगाय. असल्या जिवाचा फोटो काढायचा तर श्वास अगदी सावकाश घ्यावा लागतो. श्वास भरला की माणूस वर तरंगतो, सोडला की खाली जातो, आणि मधल्या एका क्षणी स्थिर होतो. तो क्षण पकडायचा. उज्ज्वलाला तो मिळेना. तिचे श्वास उथळ आणि भराभर चालले होते, कॅमेरा हलत होता, आणि सगळ्यांच्या आधी तिच्याच टाकीतली हवा संपत आली.

शिकवणारा तपन हा बेटावरचाच बंगाली, तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. वर आल्यावर तो म्हणाला, "दीदी, आपका हवा इतना जल्दी कौन खा जाता है? डर लगता है?"

"नहीं."

"तो क्या सोचता है नीचे?"

खाली ती वडिलांच्या जबड्यावरचा हात बघत होती.

मंगळवारच्या फोनवर नाना फक्त दोन वाक्यं बोलले. बुधवारी आईच बोलली.

"जरा पडलेत. तुरीच्या वासानं डोकं चढलं म्हणले. सोडा मागितला, दिला."

"आई, सोडा कितव्यांदा?"

"आता काय मोजू का मी?"

नारळाखाली वारा होता. मागं रांगेत दोन माणसं होती. उज्ज्वलाच्या जिभेवर वाक्य तयार होतं: आई, त्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. पण त्यापुढं आई विचारणार होती, काहून? तुला काय ठाऊक? आणि मग रविवारची सकाळ सांगावी लागणार होती. तीन दिवस कुणाला बोलली नाही, हे सांगावं लागणार होतं.

"उद्या संदिपानला म्हणावं, त्यांना तपासून आण," ती म्हणाली. संदिपान तिचा धाकटा भाऊ, बजाजनगरात बायको-पोरांसह राहणारा. "सहज. या वयात वर्षातून एकदा तपासावंच."

"सहज ना? मग येऊ दे त्याला रविवारी. या आठवड्यात पहिली पाळी हाय त्याची."

"हो," उज्ज्वला म्हणाली. "रविवारी चालेल."

फोन ठेवल्यावर तिनं भावाला लावला. लागला नाही. पुन्हा लावला. मागचा माणूस खाकरला तेव्हा ती बाजूला झाली, आणि बाजूला झाल्यावर पुन्हा रांगेत उभी राहिली नाही. सकाळी लावू, असं तिनं ठरवलं. सकाळी सहाला रेंजच नव्हती, आणि साडेसहाला बोट सुटली.

*

गुरुवारी दोनदा उतरायचं होतं. दुसऱ्यांदा तीस मीटरच्या जवळ, जिथं लाल रंग दिसेनासा होतो आणि स्वतःचं नखसुद्धा राखाडी दिसतं. त्या दिवशी तिला काय झालं कोण जाणे, श्वास सापडला. ती एका खडकासमोर स्थिर राहिली आणि आपल्या अंड्यांच्या पुंजक्याला तोंडानं वारा घालणाऱ्या माशाचे तिनं अकरा फोटो काढले. चाळीस मिनिटं तिला घर आठवलं नाही. नंतर, पुष्कळ दिवस, तिला या चाळीस मिनिटांचं सगळ्यांत जास्त वाटत राहिलं.

बोट धक्क्याला लागली तेव्हा बारा वाजायला आले होते. रिसॉर्टचा मॅनेजर तिथं उभा होता. एरवी तो कधी धक्क्यावर येत नसे.

"मॅडम, घर से फोन था. ऑफिस के नंबर पे. दो बार."

ऑफिसातल्या फोनवर नंबर फिरवताना तिच्या केसांतून टेबलावर पाणी गळत होतं. संदिपाननं उचलला.

"आक्का, नाना जरा सिरीयस आहेत. तू निघ."

"कुठल्या दवाखान्यात?"

"हितंच… आयसीयूत ठेवलंय."

त्याच्या मागं बायांचे आवाज होते. आयसीयूत एवढ्या बाया नसतात. शिवाय लांबच्या माणसाला पहिल्यांदा काय सांगायचं असतं हे तिच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. आजीच्या वेळी तिनंच पुण्याच्या काकांना 'जरा सिरीयस आहे' असं कळवलं होतं, शेजारी सरण रचायची बोलणी चालली असताना.

"चाचा आहेत तिथं? त्यांना दे."

थोडा वेळ नुसती खरखर. मग कमरोद्दीनचा आवाज.

"बेटी."

"चाचा, दोन सह्यांशिवाय माल जात नाही. तुम्ही सांगा."

चाचा रडायला लागले. "नै रहा बेटी. सव्वानौ बजे. रिक्षा में मेरेच हात पे सर था. दवाखाने तक भी नै पहुंचे."

मॅनेजरनं तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला आणि तो बाहेर गेला. उज्ज्वला भिंतीवरच्या बोटींच्या वेळापत्रकाकडं बघत राहिली. साडेचारची बोट मिळाली तर सात वाजता पोर्ट ब्लेअर. सकाळचं पहिलं विमान…

तपन दारात उभा होता. त्याला सगळं समजलं होतं.

"दीदी, आज दो डाइव हुआ, दूसरा गहरा. चौबीस घंटा उड़ना नहीं. खून में जो हवा घुला है, ऊपर जाके…" त्यानं बोटांनी बुडबुडे फुटल्यासारखं केलं. हे तिनंच मंगळवारी वर्गात सगळ्यांच्या आधी सांगितलं होतं. उद्या दुपारी चोवीस तास पुरे होणार, तोवर दिवसाची विमानं गेलेली असणार. परवा निघायचं, परवा रात्री घर.

तिनं पुन्हा फोन लावला.

"थांबवायचं का, आक्का?" संदिपाननं विचारलं. आता तो 'जरा सिरीयस' वगैरे काही म्हणत नव्हता. "आत्या म्हणती दिवस मावळायच्या आत उरकावं. पैठणचे सगळे आलेत. पण तू म्हणशील तसं. बर्फाची पेटी मिळती."

"किती वेळ?"

"तू येऊस्तोवर."

पेटीत ठेवलेले नाना तिला दिसले. पारदर्शक झाकण, आत थंड.

"थांबू नका," ती म्हणाली.

"नक्की?"

"नक्की." मग विचारलं, "आई कशी आहे?"

"बोलत नाय कुणाशी. तू नंतर बोल. अचानक झालं ना, कुणाला काही कळलंच नाय. डॉक्टर पण म्हणले, अशी अचानक जातात माणसं."

अचानक. त्या शब्दात तिला लपायला जागा होती. आता नाना काही सांगणार नव्हते, आणि पायरीवरची ती सकाळ दोघांखेरीज कुणी पाहिली नव्हती.

*

खोलीत जाऊन तिनं ओले कपडे बदलले. कॅमेरा पेटीतून काढला नाही. पलंगावर बसली, उठली, दाराला कडी घातली, पुन्हा काढली. समोर निळं पाणी होतं आणि त्यात कुणीतरी हसत होतं. छातीत काहीतरी घट्ट आवळल्यासारखं होत होतं, आणि ते आपल्याला व्हावं याचीच तिला लाज वाटली. घरी आता अंघोळ घालत असतील. पाणी कुठल्या पिंपातलं घेतलं असेल?

अडीचला ती पुन्हा ऑफिसात गेली.

"आईला दे," ती म्हणाली.

"आक्का, आता नको. लोक आहेत सगळे."

"दे."

फोन हातातून हातात जाताना घरातले आवाज जवळ आले. सगळ्यांत वर भागूबाईंचा. नानांची मोठी बहीण, पैठणहून आलेली, खणखणीत आवाजाची. ती रडत नव्हती, विचारत होती.

"…चार दिवस माणूस सोडा पितंय, आन् घरच्या बाईला कळू नाय? आमच्या शेतात बैल दोन घास कमी खाल्ला तर कळतं. आन् वरून तुरीचं पोतं घेऊन गच्चीवर धाडलं. माझ्या भावाला! दोन मजले!"

कुणी तिला गप्प केलं नाही. मोठ्या नणंदेला मयताच्या घरात कोण बोलणार?

"उजे," आई म्हणाली. तिचा आवाज ओळखू आला नाही.

"आई."

"मी धाडलं गं त्यांना वर. ऊन चांगलं हाय, तूर पसरून या, म्हणलं. 'जातो' म्हणले. एक शब्द बोलले नाय. वरून हाक आली तवा मी दळण निवडत बसले होते, उठायला येळ लावला." ती थांबली. "चाळीसच्या वर वर्षं झाली लग्नाला. शेजारी झोपून मला कळलं नाय. भागूबाय खरं बोलती. मीच मारलं त्यांला."

"आई, असं नको बोलू."

"मग कसं बोलू? कुणाला ठाऊक होतं दुसऱ्या? कुणाला बोलले का ते? बोलले असते तर मी जाऊ दिलं असतं का वर?"

मागं भागूबाईंनी पुन्हा काहीतरी म्हटलं आणि दोन बायांनी हुंकार भरला. उज्ज्वलाला पुढची वर्षं दिसली. दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध. दर वेळी माजघरात हीच गोष्ट निघणार, तुरीच्या पोत्याची, आणि आई खाली मान घालून ऐकत बसणार. घरातल्या सगळ्यांना ती पाठ होईल. आई स्वतःच ती सांगायला लागेल. आणि आपण शेजारी बसून तिला म्हणत राहू, असं नको बोलू, आई, अचानक झालं.

"संदिपान आहे का जवळ?" तिनं विचारलं.

"हाय."

"त्याला म्हणावं फोनचा स्पीकर लाव. आत्याला पण ऐकू जाऊ दे."

"काहून?"

"लाव म्हणावं, आई."

एक बटण दाबल्याचा आवाज आला. मग घराचा सगळा गलका एकदम मोठा झाला आणि हळूहळू शांत होत गेला. संदिपान म्हणाला, "बोल आक्का, सगळे ऐकत आहेत." टेबलाची कड उज्ज्वलानं दोन्ही हातांनी धरली होती आणि फोन खांद्यानं कानाशी दाबला होता.

"आत्या, आईला बोलू नका. तिला माहीत नव्हतं. नानांना रविवारीच दुखलं होतं, मी निघायच्या सकाळी. पायरीवर बसले होते, जबडा दाबून, घाम आला होता. मी समोर उभी होते. ते काय आहे हे मला कळलं होतं, आई. ते म्हणाले आईला सांगू नको, आणि मला ते बरंच वाटलं, कारण मला जायचं होतं. मी मुद्दाम बोलले नाही. काल फोनवरही बोलले नाही. तुला कळलं नाही असं नाही, आई. मी तुला कळू दिलं नाही."